टूरिंग स्कीची लांबी: १५८, १६५ की १७२? (मदत हवी)

उन्हाळी_पाखरू | १० जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. म्युनिकला राहून हा माझा सहावा हिवाळा. पहिले दोन हीटरला चिकटून काढले, पुढचे दोन लिफ्टने वर जाऊन पिस्टवर (स्कीसाठी दाबून तयार केलेल्या उतारावर) धडपडण्यात गेले, आणि गेल्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने टूरिंगला ओढून नेलं. तेव्हापासून लिफ्टची रांग नको झालीय. दोन टूर झाल्या, दोन्ही वेळा सामान भाड्याचं. यंदा स्वतःच्या स्की घ्यायचं ठरवलं आणि तिथेच गाडं अडलंय.

मॉडेल ठरलंय. स्कीच्या कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, ८८ मिमी, पुढचं टोक बऱ्यापैकी वर वळलेलं. १५८, १६५, १७२ अशा तीन मापांत येते. १६५ ची एक स्की साधारण १२५० ग्रॅम. मी १६८ सेंमी, ६१ किलो. पाठीवर दिवसभराच्या टूरला सहा-सात किलो, हटमध्ये (डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात) मुक्काम असेल तर दहा.

दुकानदार म्हणतो १७२ घ्या, उंचीपेक्षा चारच सेंमी जास्त, बर्फात छान तरंगाल. (४० टक्के सूट फक्त १७२ वर आहे हा निव्वळ योगायोग.) मैत्रीण म्हणते १५८ घे, नाहीतर किक-टर्नला (उभ्या उतारावर जागच्या जागी एकेक स्की उलटी फिरवून वळायचं) रडशील. नेटवरचा तक्ता म्हणतो उंची वजा १० ते उंची अधिक ५. म्हणजे तिन्ही चालतात! असला तक्ता मीही बनवला असता.

आई शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची. त्या न्यायाने हात १७२ कडे जातोय, पण माझं अंग आता वाढलं तर आडवंच वाढणार.

बेत असा: हिवाळाभर बव्हेरिया आणि तिरोलमध्ये एका दिवसाच्या टूर. एप्रिलमध्ये चार दिवस सिल्व्रेटाच्या डोंगररांगेत, हट ते हट, जमलं तर पिट्झ बुइनचं शिखर. आणि कधीतरी शामोनी ते झेरमाट. स्वप्नाला काय, भाडं पडत नाही.

दादरचा_दादा | १० जानेवारी, रात्री १०:०५

बाळबोध प्रश्न. स्की घालून डोंगर चढतात? मी समजत होतो फक्त घसरत खाली येतात. लिफ्ट नसते का?

उन्हाळी_पाखरू | १० जानेवारी, रात्री १०:२२

दादा, हसू नका, मलाही दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता. स्कीच्या तळाला चिकटपट्टीसारखे लांब पट्टे लावतात, त्यांना स्किन्स म्हणतात. पूर्वी सीलच्या कातड्याचे असत, आता मोहेर किंवा नायलॉनचे. केसाळ बाजू बर्फाकडे. पुढे सरकवलं की केस निजतात आणि स्की जाते, मागे घसरायला लागलं की केस उभे राहून अडवतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, उलटा फिरवलात की कळेल.

बूट फक्त चवड्याशी दोन पिनांनी स्कीला धरलेला, टाच मोकळी. त्यामुळे चालता येतं. वर पोचलं की स्किन्स सोलून पिशवीत, टाच कुलूपबंद, आणि मग तुम्ही म्हणता ते घसरणं. चार तास चढ, चाळीस मिनिटं उतार.

दादरचा_दादा | १० जानेवारी, रात्री १०:३०

चार तास चढून चाळीस मिनिटं. म्हणजे आमचा राजगडच की. वाचतोय.

तिरोलकर | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

इन्सब्रुकमध्ये अकरा वर्षं झाली, चार जोड बदलले, त्यातले दोन चुकीच्या लांबीचे. तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

तक्त्यात उंची असते कारण उंची मोजायला सोपी. स्कीला तुमची उंची कळत नाही. तिला कळतं वजन (पिशवीसकट), ते कोण कसं टाकतंय ते, आणि खाली कसला बर्फ आहे ते. उंची हा वजनाचा अंदाज बांधायचा जुना जुगाड आहे. म्हणून दुकानात 'हनुवटी ते कपाळ' सांगतात. टूरिंगला ढोबळमानाने उंचीच्या पाच ते दहा सेंमी खाली, गिर्यारोहणाकडे कल असेल तर दहा ते पंधरा खाली, आणि ताज्या खोल बर्फात उतरण्यासाठीच चढत असाल तर उंचीइतकी. इथपर्यंत कोणीही सांगेल.

मी लांबी ठरवतो ती दिवसातल्या सगळ्यात वाईट दहा मिनिटांवरून. तुमची वाईट दहा मिनिटं कुठली? चढताना तीस-बत्तीस अंशांच्या उतारावर, खाली झाडं, आणि तिथे किक-टर्न घ्यायचा आहे, ती? की उतरताना मांड्या संपल्यावर पापुद्रा धरलेल्या बर्फात वळता येत नाही, ती? पहिली असतील तर आखूड. दुसरी असतील तरी, तुम्ही नवशिक्या असाल तर आखूडच, कारण पापुद्र्यात लांब स्की रुतून बसते आणि मग उडी मारून वळवावी लागते. उघड्या उतारावर वेगात, जड ओल्या बर्फात डगमगायला होत असेल तर मात्र लांबीचा आधार वाटतो.

दुसरं, टोक किती वर वळलंय ते बघा. स्की सपाट फरशीवर ठेवा आणि पुढून खाली पोस्टकार्ड सरकवत न्या. जिथे अडकेल तिथून पुढची लांबी कडक बर्फावर जवळजवळ हिशेबात नाही, ती फक्त भुसभुशीत बर्फात कामाला येते. लांब वळण असलेली १६५ टणक बर्फावर १५८ सारखी वागू शकते. शिवाय मापही प्रत्येक कंपनी सारखं घेत नाही. कोणी टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतं, कोणी वळणावरून. एक-दोन सेंमीचा फरक त्यातच जातो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या १६५ एकमेकींशेजारी उभ्या करून बघा एकदा.

आता प्रश्न: किक-टर्नला नक्की कुठे अडतं? पहिली स्की फिरवताना की दुसरी?

उन्हाळी_पाखरू | ११ जानेवारी, दुपारी १२:५०

दुसरी! पहिली मजेत फिरते. मग मी बेडकासारखी पाय फाकवून उभी असते आणि मागे राहिलेली स्की काही केल्या येत नाही. टोक बर्फात घुसतं नाहीतर दुसऱ्या बुटावर आपटतं. मागे सहा जर्मन विनम्रपणे वाट बघत असतात. त्यांच्या विनम्रतेनेच जास्त घाम फुटतो.

तिरोलकर | ११ जानेवारी, दुपारी १:२०

मग तो आजार लांबीचा कमी आणि टाचेचा जास्त आहे.

मागची स्की ओढू नका. आधी सगळं वजन वरच्या, फिरवून झालेल्या स्कीवर द्या आणि सरळ उभ्या राहा. घाबरून डोंगराकडे वाकलात की संपलं. मग मागचा पाय हलकेच उचलून टाच ढुंगणाकडे झटका, बुटाची टाच स्कीवर टप्पकन आपटेल अशी. बिजागरी चवड्याशी असल्यामुळे शेपूट खाली पडतं आणि टोक आपसूक वर येतं. त्या क्षणी गुडघा बाहेर उघडून स्की फिरवा. पाव सेकंदाचं काम आहे. उशीर केला की टोक परत खाली.

घराच्या गॅलरीत करून बघा, गालिचावर. शेजाऱ्यांना आधी सांगा.

लांबीचा संबंध एवढाच की टोक तुमच्या पायाच्या आणि उताराच्या मधल्या फटीतून जायचं असतं. उतार जितका उभा तितकी ती फट अरुंद. तिथे सात सेंमी जाणवतात. पण झटका जमत नसेल तर १५० सेंमीचीसुद्धा अडकेल.

फ्योर्डकाठी | ११ जानेवारी, रात्री ८:१०

बर्गनहून नमस्कार. तुम्ही सगळे आल्प्सवाले एका गृहीतकावर बोलताय, की टूरिंग म्हणजे वर चढणं आणि तीच बाजू उतरणं. आमच्याकडे टूर म्हणजे पठार. हार्डांगरविड्डावर दिवसाला वीस-पंचवीस किमी सपाटीने जायचं, मागे पुल्काची घसरगाडी. तिथे माझी स्की २०५ आहे आणि मी १८२! अरुंद, पोलादी कडांची. लांब असली की सरळ जाते आणि एका ढकलीत जास्त सरकते. किक-टर्न दिवसातून दोनदा, तोही हौस म्हणून.

आमच्या नॉर्वेच्या नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं ते काही १५८ वर नाही. लांबी मोजायची जुनी रीतही तीच, हात वर करायचा आणि मनगटापर्यंत स्की यायला हवी. माझ्या नॉर्वेजियन सासऱ्यांचं अजून तेच मत. १६५ म्हटलं तर विचारतात, नातवासाठी घेतोयस का?

तिरोलकर | ११ जानेवारी, रात्री ८:४५

सासऱ्यांना दंडवत, पण त्याच नान्सेनचं वाचून आमच्या लिलिएनफेल्डच्या मातियास झ्डार्स्कीने नॉर्वेहून स्की मागवल्या, आणि आल्प्सच्या उभ्या उतारावर त्या चालेनात म्हणून कापून आखूड केल्या आणि बाइंडिंगही (बूट स्कीला धरणारी कळ) नवीन बनवलं. १८९६ मध्ये त्याने आपल्या तंत्राचं पुस्तक काढलं आणि त्यावरून नॉर्वेजियन पद्धतवाल्यांशी वर्षानुवर्षं खडाजंगी चालली. म्हणजे आपला हा धागा सव्वाशे वर्षं जुना आहे.

पण मुद्दा मान्य. पठाराला लांब, उभ्याला आखूड. पाखरूताईंना सिल्व्रेटाला जायचंय, विड्डाला नाही.

फ्योर्डकाठी | ११ जानेवारी, रात्री ८:५२

मान्य. सासऱ्यांना सांगणार नाही.

गणिती_काका | १२ जानेवारी, सकाळी ६:०५

'तरंगणे' हा शब्द दुकानदार फार सैल वापरतात, म्हणून थोडं अंकगणित.

स्कीची सरासरी रुंदी १० सेंमी धरू. १६५ ची एक स्की १६५० चौ. सेंमी, जोडी ३३००. पाखरू ६१ किलो, पिशवी १०, बूट-स्की-कपडे ९, एकूण ८०. म्हणजे दर चौ. सेंमीला सुमारे २४ ग्रॅम. १७२ घेतली तर २३.३. १५८ घेतली तर २५.३. दोन टोकांतला फरक जेमतेम ८ टक्के.

आता लांबी १६५ च ठेवून ८८ ऐवजी ९८ मिमीची रुंद स्की घ्या. सरासरी रुंदी एक सेंमी वाढली, क्षेत्रफळ सरळ १० टक्के वर. एक सेंमी रुंदीने चौदा सेंमी लांबीपेक्षा जास्त काम केलं. आणि पिशवी दहा किलोची न नेता घरीच ठेवली तर दाब साडेबारा टक्के कमी! खोल बर्फात तरंगायचं तर आधी पिशवी उघडा, मग कॅटलॉग.

वजनाचंही बघू. सात सेंमी म्हणजे चार टक्के, म्हणजे एका स्कीला सुमारे ५० ग्रॅम. हजार मीटरचा चढ १५ अंशांच्या वाटेने केला तर अंतर ३.९ किमीच्या आसपास, पाऊल ६५ सेंमीचं धरलं तर साधारण सहा हजार पावलं, प्रत्येक पायाला तीन हजार. ५० ग्रॅम गुणिले ३००० बरोबर १५० किलो.

दादरचा_दादा | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

१५० किलो!! ताई १५८ घ्या.

तिरोलकर | १२ जानेवारी, सकाळी ९:४८

काका, गणित चोख, पण चांगली चाल असेल तर स्की उचलत नाहीत, बर्फावरून सरकवतात. उचलावी लागते ती किक-टर्नला आणि खोल बर्फात वाट फोडताना. त्यामुळे दीडशे किलोतले बरेचसे बर्फाच्या खात्यावर टाका. नवशिके पाय उचलून चालतात आणि तासाभरात ढेपाळतात, तिथे मात्र तुमचा आकडा खरा.

रुंदीचं पटलं. त्यात एक भर. रुंद स्की टणक आडव्या उतारावर घोट्याला छळते. कड बुटाच्या मधोमध नसून बाहेर जाते, आणि एप्रिलमध्ये सकाळी सहाला हिमनदीवरचा उतार काचेसारखा असतो. तिथे ८८ बरी. स्कीखाली लावायचे दाते, ज्यांना इथे हार्शआयझन म्हणतात, तेही कमरेच्या मापाचेच घ्यावे लागतात. ८८ ला ८५ चे बसत नाहीत. हे मी एकदा सकाळी सहाला, चढाच्या मध्यावर शोधून काढलंय.

काश्मिरीकेशर | १२ जानेवारी, रात्री ११:१५

भारतात राहून स्की करणाऱ्यांच्या वतीने हजेरी. गुलमर्गला गोंडोला अफरवटवर ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो आणि पुढे उघडे उतार, ताजा कोरडा बर्फ गुडघ्यापर्यंत. तिथे मी १७४ सेंमीचा माणूस १७८ वापरतो, कमरेला १०८. तिथे आखूड अरुंद स्कीवाला पाणबुडी होतो, टोक खाली आणि माणूस मागे. पण तिथे चढ थोडा, गोंडोलाने उंची फुकट मिळालेली.

त्याच स्की घेऊन दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये अटल टनेल ओलांडून लाहौलला गेलो. २०२० मध्ये बोगदा झाल्यापासून हिवाळ्यात तिकडे पोचता येतं. सकाळचे टणक उतार, लांबलचक आडव्या चाली, दिवसाला १२०० मीटर चढ. तिसऱ्या दिवशी स्की विकायला काढल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून परत आणल्या.

पंचगंगाकाठ | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

झुरिचमधनं एक कोल्हापूरकर. हितं सगळे आखूड आखूड करायलेत म्हणून उलटी बाजू सांगतो.

मी १८६, ९४ किलो. जेवणाऱ्या घरचा. सहा वर्षांपूर्वी वजनाच्या नादाला लागून १७० ची एकदम हलकी स्की घेतली, एकेक किलोभराची. चढताना राजा. मग एप्रिलात दुपारचे दोन, बर्फाचं झालंय पिठलं. उतरताना वळण घेतलं, दोन्ही टोकं पिठल्यात घुसली, बाइंडिंग सुटलं, मी पुढं आणि पिशवी माझ्या डोक्यावरनं पुढं. हात खांद्यातनं निसटला, हेलिकॉप्टर आलं. बायको अजून फोटो दाखवते पाहुण्यांना.

आता १७८, कमरेला ९२. चढताना दहा मिनिटं उशिरा पोचतो, चालतंय की. तर ताई, तुमच्या ६१ किलोला १५८-१६५ झकास, पण हा धागा वाचून माझ्यासारख्या गड्यानं १६५ घेऊ नये एवढंच.

गणिती_काका | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

'बर्फाचं पिठलं' ही संज्ञा अधिकृत करावी असा प्रस्ताव.

तिरोलकर | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

अनुमोदन.

पंचगंगाकाठ, तुमची चूक फक्त लांबीची नव्हती, दुपारी दोनचीही होती. पण वजनाचं अगदी खरं. याउलट बाजूचं उदाहरण म्हणजे शर्यतवाले. स्की-माउंटेनिअरिंगच्या शर्यतींत पुरुषांना किमान १६० आणि महिलांना १५० सेंमीची अट आहे, आणि सहा फुटी गडीसुद्धा किमान मापालाच चिकटून असतात. मिलानो-कोर्तिना २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच. त्यांना उतरताना बघा, उतरणं कसलं, सावरत कोसळणं. त्यांच्या मांड्या वेगळ्या कारखान्यातून येतात.

घाटवाट | १४ जानेवारी, रात्री १२:२०

ग्रनोबलहून. एक बाजू राहिलीच, पाठीवरची स्की.

गिर्यारोहण म्हटलं की दिवसाचा काही भाग स्की पायात नसून पिशवीला. बर्फाच्या घळीतून क्रॅम्पॉन (बुटाखालचे पोलादी दाते) लावून चारशे मीटर चढायचं, स्की दोन्ही बाजूंना बांधून टोकं वर एकत्र आवळलेली, इंग्रजी ए अक्षरासारखी. आता पाय टेकवायला बूट मागे नेऊन समोर बर्फात मारला की शेपूट पोटरीच्या मागे ठक्क. प्रत्येक पावलाला. चारशे मीटरमध्ये किती वेळा, काका सांगतील. मग तुम्ही स्की वर सरकवून बांधता, की टोकं डोक्याच्या फूटभर वर जातात आणि वरच्या खडकाला अडतात. कारवीच्या रानातून झोपायची मॅट आडवी बांधून गेलेल्या कोणालाही हा छळ समजावून सांगायला नको. फरक इतकाच की कारवीत अडकलं तर शिवी देऊन मागे सरता येतं.

मी १७६ सेंमी, माझ्या दोन जोड आहेत. हिवाळ्यात १७२, आणि मे-जूनमध्ये घळींसाठी १६२. दुसऱ्या जोडीचं आणखी एक कारण: अरुंद घळीत वळायला जागा नसली की आडवं उभं राहून कडांवर घसरत उतरतात. घळ पावणेदोन मीटर रुंद आणि स्की १७२ असेल तर टोक आणि शेपूट दोन्ही खडकाला खरवडतात. १६२ ला अर्ध्या वितीची मोकळीक मिळते. त्या अर्ध्या वितीत काळीज जागेवर राहतं.

शेपूट सपाट असलेली घ्या, स्किनच्या आकड्यासाठी खाच असलेली. स्की बर्फात उभी खोचता येते, आणि वेळ पडली तर आडवी पुरून तिला दोर बांधता येतो.

दादरचा_दादा | १४ जानेवारी, सकाळी ८:००

एका माणसाला दोन जोड स्की. आणि आमच्याकडे एका बुटात हिमालय.

पेठेतला | १४ जानेवारी, सकाळी १०:४५

एवढा काथ्याकूट कशाला? वर्षात आठ टूर करणार, भाड्याने घ्या की. मीटर-सेंटिमीटर मोजत बसण्यापेक्षा.

उन्हाळी_पाखरू | १४ जानेवारी, दुपारी १:१०

पेठेतले, तुमचा प्रतिसाद वाचून राग आला आणि मग डोक्यात उजेड पडला. मी आल्पेनफेराइनची, म्हणजे इथल्या गिर्यारोहण संघाची, सभासद आहे आणि त्यांच्या बऱ्याच शाखा सभासदांना सामान भाड्याने देतात. आमच्या शाखेत याच मॉडेलची १५८ आणि १६५ दोन्ही आहेत. दोन्ही उचलते शनिवार-रविवारसाठी. १७२ यादीतून बाद, दुकानदार माफ करो.

तिरोलकर | १४ जानेवारी, दुपारी १:२५

उत्तम. तोच डोंगर, तीच पिशवी, तीच वेळ. पिशवीत दहा किलो भरा, नाहीतर परीक्षा खोटी. आणि लवीनचं, म्हणजे हिमस्खलनाचं, बुलेटिन बघून जा, अर्थात.

उन्हाळी_पाखरू | १९ जानेवारी, रात्री ९:००

अहवाल.

डोंगर: रोटवांड, १८८४ मीटर, श्पिट्झिंगजेच्या तळ्यापासून. आठशे मीटर चढ. पिशवीत फावडं, प्रोब (बर्फात गाडलेल्याला शोधायची काठी), दोर, आणि वजन भरायला बाटल्यांतून चार लिटर पाणी. वरच्या हटमध्ये पाणी घेऊन चढणारी बाई म्हणून लोक बघत होते.

शनिवार, १५८. झाडांच्या वरच्या उभ्या टप्प्यात अकरा किक-टर्न. टाचेचा झटका आठवडाभर गॅलरीत घोटला होता, त्यामुळे अकरापैकी आठ जमले. उतरताना वरचा भाग वाऱ्याने कडक केलेला, तिथे छान. खाली जंगलवाटेवर वेग आला तसे पाय थरथरायला लागले, जणू सायकलचं पुढचं चाक ढिलं आहे.

रविवार, १६५. अकरापैकी नऊ! म्हणजे एका रात्रीत सुधारलेला झटका सात सेंमीना पुरून उरला. ज्या दोन चुकल्या त्या मात्र अशा चुकल्या की टोक बर्फात रुतलं आणि मी डोंगराला मिठी मारून उभी. उतरताना जंगलवाटेवर निवांत, पापुद्र्यात जरा कष्ट.

पोटऱ्या दोन्ही दिवशी सारख्याच दुखल्या. १६५ घेतेय.

तिरोलकर | १९ जानेवारी, रात्री ९:३५

तुमच्या जागी मी १५८ घेतली असती. हटच्या चौथ्या दिवशी, थकल्यावर, त्या दोन चुकलेल्या टर्नच्या पाच होतात. पण जंगलवाटेवर पाय थरथरणंही खोटं नाही, आणि स्की तुमच्या पायात असणार आहे. अभिनंदन. बाइंडिंग कंपनीने दिलेल्या खुणेवरच बसवून घ्या, कोणी सांगितलं तरी पुढेमागे नको, ते भोक परत बुजत नाही. स्किन्सना दोन्ही बाजूंनी पोलादी कड उघडी राहील एवढंच कापा.

घाटवाट | १९ जानेवारी, रात्री ११:५०

बुइनसाठी मी पण १५८ च म्हटलं असतं. असो. एप्रिलचा वृत्तांत हवा.

उन्हाळी_पाखरू | २२ एप्रिल, रात्री १०:१५

धागा वर आणतेय. सिल्व्रेटाहून परवा परत आले.

यामताल हटवरून चढून पलीकडे उतरलो, वीसबाडनर हट, २४४३ मीटर. तिसऱ्या दिवशी बुइन. घाटवाट, तुमच्या पोटरीच्या ठक्ककरता मी मनाची पूर्ण तयारी केली होती, तर कळलं की ओक्सेनटालर हिमनदी चढून बुइनच्या खिंडीत पोचलं की स्की तिथेच बर्फात खोचून ठेवायच्या आणि वरचे अडीचशे मीटर पायीच. पाठीवर स्की न्यायचा प्रश्नच आला नाही! वर एक छोटीशी खडकाची चिमणी, म्हणजे अरुंद उभी फट, आहे, बाकी सोपं. ३३१२ मीटरवर आईने पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. थंडीने इतकी कडक झाली होती की दाढेचा विचार करून चोखली.

पण सांगायची गोष्ट वेगळीच. त्या दिवशी पहाटे साडेपाचला हटच्या स्की ठेवायच्या खोलीत मिट्ट काळोख. स्किन्स मी नाश्त्याआधीच लावून ठेवल्या होत्या. डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात माझ्या हिरव्या स्की काढल्या, बाहेर येऊन पिना अडकवल्या आणि निघाले. अर्धा तास चढल्यावर, सहा-सात किक-टर्ननंतर, खालून हाका. स्टुटगार्टची एक बाई धापा टाकत आली. तिच्या माझ्या स्की एकाच मॉडेलच्या, रंगही तोच, आणि तिनेही स्किन्स आधीच लावलेल्या. तिची १५८. आम्ही दोघींनी एकेक अदलाबदल करून उचलली होती. चढताना टाच मोकळीच, आणि चवड्याच्या पिना सगळ्या बुटांना सारख्याच, त्यामुळे बसलं काय नि नाही काय, कळलंच नाही.

म्हणजे मंडळी, तुमच्या त्या दहा दिवसांच्या चर्चेनंतर मी अर्धा तास डाव्या पायात १६५ आणि उजव्यात १५८ घालून चढले. आणि एकही टर्न चुकला नाही.

तिरोलकर | २२ एप्रिल, रात्री १०:३२

आणि त्या बाईंना कळलं?

उन्हाळी_पाखरू | २२ एप्रिल, रात्री १०:४०

हो. म्हणाली, आज उजवा पाय सारखा अडखळतोय, वय झालं असेल.

पंचगंगाकाठ | २२ एप्रिल, रात्री १०:४४

🤣🤣 दादा, आता तुम्ही कुठली घेताय?

दादरचा_दादा | २२ एप्रिल, रात्री ११:०१

एकेक.